चोरीचे दागिने सापडले, पण ताबा मिळत नाही: पोलिसांकडील मुद्देमाल परत मिळवण्याबाबत

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

आमच्या घरी घरफोडी झाली तेव्हा सासूबाईंचे मंगळसूत्र आणि दोन पाटल्या गेल्या. गुन्हा नव्या संहितेखाली नोंदवलेला आहे. काही महिन्यांनी आरोपी पकडले गेले. पाटल्या जशाच्या तशा मिळाल्या, मंगळसूत्राची मात्र एका सराफाकडे वितळवून लगड झालेली होती, आणि त्याच लगडीत आणखी दोन घरांतील सोने असल्याचे तपासात निघाले. ठाण्यात बोलावून सासूबाईंकडून पाटल्या ओळखून घेतल्या आणि पंचनाम्यावर त्यांची सही झाली. त्यानंतर आमच्यासमोरच कापडी पुडके शिवून, लाखेचे सील लावून कपाटात ठेवण्यात आले. ताबा मागितल्यावर "कोर्टाचा आदेश आणा" एवढेच उत्तर मिळाले.

आमच्या शेजाऱ्यांचा हरवलेला मोबाईल मात्र त्याच ठाण्यातून, कोणत्याही आदेशाशिवाय, केवळ सही घेऊन परत करण्यात आला. ज्या वस्तूबद्दल कोणाचाही वाद नाही, जी आमचीच असल्याचे पोलीसही मान्य करतात, ती देण्यास कायद्याची नेमकी अडचण काय आहे? खटला संपेपर्यंत थांबावे लागते, असे एका नातेवाईकांचे म्हणणे आहे. सासूबाईंचे वय पाहता तेवढे थांबणे आम्हाला परवडणारे नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

तालुका_वकील

ताई, खटला संपेपर्यंत थांबावे लागते हा समज फार जुना आहे आणि तो चुकीचा आहे. तुमच्या पाटल्या ठेवल्या आहेत पोलीस ठाण्यात, पण त्यांच्याबाबत निर्णय घेण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांचा आहे. पोलिसांनी गुन्ह्याच्या संशयावरून एखादी वस्तू जप्त केली की तिची माहिती न्यायदंडाधिकाऱ्यांना विनाविलंब कळवावी लागते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १०६), आणि त्यानंतर ती वस्तू कोणाच्या ताब्यात राहील हे न्यायालय ठरवते. म्हणून ठाण्यात खेटे घालण्याऐवजी थेट प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. पोलिसांनी "आदेश आणा" म्हटले यात मला त्यांचा आडमुठेपणा दिसत नाही. आदेशाची वाट कशी काढायची हे त्यांनी सांगितले नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे.

शेजाऱ्यांचा मोबाईल लगेच मिळाला याचे कारण बहुधा असे, की तो हरवल्याची केवळ नोंद होती, गुन्हा दाखल नव्हता. केंद्र सरकारच्या सीईआयआर यंत्रणेवरून माग काढलेले असे मोबाईल ओळख पटवून थेट परत दिले जातात. गुन्हा नोंदला गेला की वस्तू पुरावा ठरते, तिला मुद्देमाल क्रमांक पडतो आणि पुढचा मार्ग न्यायालयातून जातो.

आता कायद्याची कलमे सांगतो, कारण अर्जावर ती लिहावी लागतात. १ जुलै २०२४ पूर्वीपासून प्रलंबित असलेल्या प्रकरणांत जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमे ४५१ आणि ४५७ लागू होतात. तुमच्या प्रकरणात त्या दिवसापासून अमलात आलेल्या नव्या संहितेची, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची, कलमे ४९७ आणि ५०३ लागू होतील. खटला चालू असताना, आणि नव्या कायद्यानुसार तपास चालू असतानाही, मालमत्तेच्या ताब्याबाबत अंतरिम आदेश करण्याचा अधिकार ४९७ देते. वस्तू प्रत्यक्ष न्यायालयासमोर आलेली नसेल आणि पोलिसांनी केवळ जप्तीचा अहवाल दिला असेल, तर ५०३ लागू होते. नेमकी कोणती परिस्थिती आहे यावर वाद नको म्हणून आम्ही सहसा दोन्ही कलमे अर्जात लिहितो.

या विषयावरचा आधारस्तंभ म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा १ ऑक्टोबर २००२ चा निकाल, सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य. त्याची पार्श्वभूमी मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्या प्रकरणात आरोपी स्वतः पोलीस कर्मचारी होते, आणि जप्त मुद्देमालाच्या जागी नकली वस्तू ठेवणे, ठाण्यात जमा असलेल्या रकमेचा अपहार करणे, जप्त मालाचा परवानगीशिवाय लिलाव करणे असे आरोप त्यांच्यावर होते. न्यायालयाने त्या निमित्ताने देशभरासाठी दंडक घालून दिला. वस्तूंचा तपशीलवार पंचनामा करावा, छायाचित्रे काढून त्यांवर फिर्यादी, आरोपी आणि ताबा घेणारा यांच्या सह्या घ्याव्यात, योग्य तारण व बंधपत्र घ्यावे आणि वस्तू हक्कदाराच्या हवाली करावी. कोणतीही वस्तू पंधरा दिवस ते फार तर एक महिना यापेक्षा अधिक काळ ठाण्यात पडून राहू नये, असेही न्यायालयाने म्हटले. खटल्याच्या वेळी मूळ वस्तूच हजर असली पाहिजे असा आग्रह न धरता छायाचित्र व पंचनामा पुरावा म्हणून वापरता येतो, हा त्या निकालाचा गाभा होय.

नव्या संहितेने हे तत्त्व कायद्याच्या मजकुरातच आणले. मालमत्ता न्यायालयासमोर हजर झाल्यापासून चौदा दिवसांत तिच्या वर्णनाचे विवरण तयार करायचे, छायाचित्र आणि गरज पडल्यास चित्रफीत घ्यायची, आणि त्यानंतर तीस दिवसांत ती परत द्यायची की अन्य विल्हेवाट लावायची याचा आदेश करायचा. कागदावर हे उत्तमच आहे. मात्र चौदा दिवसांचे घड्याळ मालमत्ता "हजर" झाल्यावरच सुरू होते आणि बहुतेक मुद्देमाल दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत ठाण्याच्या कपाटातून हलतच नाही. म्हणून मुदतीवर विसंबून घरी बसण्यात अर्थ नाही, आपण अर्ज करून विषय न्यायालयासमोर न्यावा लागतो.

अर्जासोबत प्रथम खबर अहवालाची प्रत (ती फिर्यादीला विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे), जप्ती पंचनाम्याची प्रत, ओळखपत्र, शपथपत्र आणि मालकीचा जो असेल तो पुरावा जोडावा. जुन्या पाटल्यांच्या पावत्या कोणाकडेच नसतात, आणि न्यायालयालाही ते ठाऊक असते. लग्नातील किंवा समारंभातील ज्या छायाचित्रात त्या पाटल्या हातात स्पष्ट दिसतात ते छायाचित्र, आणि फिर्यादीत दिलेल्या वर्णनाशी व वजनाशी जप्ती पंचनाम्याचा मेळ, एवढ्यावर काम होते. अर्ज दाखल झाल्यावर न्यायालय तपासी अंमलदार आणि सहायक सरकारी वकील यांचे म्हणणे मागवते. हरकत नसल्यास बहुधा बंधपत्रावर, क्वचित जामीनदारासह, ताबा देण्याचा आदेश होतो. त्यालाच बोलीभाषेत "सुपूर्दनाम्यावर माल सोडणे" म्हणतात.

वकील नेमणे शक्य नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, म्हणजे सासूबाई स्वतः अर्जदार असतील तर तेही साधेल.

माजी_बारनिशी

पोलीस खात्यात नोकरी केलेल्या माणसाच्या नजरेतून थोडे लिहितो. वकीलसाहेबांनी कायदा अचूक सांगितला आहे, पण अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा "म्हणणे" या टप्प्यावर. न्यायालय पोलिसांचे म्हणणे मागवते, ते पत्र ठाण्याच्या बारनिशीत (आवक-जावक विभागात) येते, तिथून तपासी अंमलदाराकडे जाते, आणि तो बंदोबस्तात किंवा रजेवर असला की पुढची तारीख पडते. अर्जदाराने पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख टिपून घेऊन ठाण्यात स्वतः विचारपूस केली, तर त्यात गैर काहीच नाही.

दुसरी अडचण मुद्देमाल कारकुनाची. एका बदलीनंतर नव्या कारकुनाने पूर्ण चार्ज घेईपर्यंत जुन्या मुद्देमालाला हात लावायला कोणी तयार होत नाही, कारण रजिस्टरमधील प्रत्येक पुडक्याची जबाबदारी सही करणाऱ्याच्या गळ्यात पडते. एखाद्या पुडक्यावरची चिठ्ठी दमट हवेने सुटलेली असते, कुठे पंचांच्या सह्या पुसट झालेल्या असतात. अशा वेळी कर्मचारी टाळाटाळ करतो ती पैशासाठीच असते असे नाही, बऱ्याचदा ती भीतीपोटी असते. म्हणून अर्जात मुद्देमाल क्रमांक, गुन्हा रजिस्टर नंबर आणि जप्तीची तारीख ठळक लिहावी, म्हणजे पुडके शोधणे सोपे जाते.

२ जानेवारीच्या पोलीस स्थापना दिनाच्या सुमारास ठिकठिकाणी फिर्यादींना मुद्देमाल परत देण्याचे कार्यक्रम होतात, त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. गुन्ह्यातील जो माल तिथे दिला जातो त्याचे न्यायालयीन आदेश आधीच झालेले असतात. कार्यक्रमाची वाट पाहत थांबण्याची गरज नाही.

ताबा घेताना एक काळजी अवश्य घ्यावी. पुडके आपल्यासमोर उघडायला लावावे, सील शाबूत आहे का ते पाहावे, वजन काट्यावर करून घ्यावे आणि ते पावतीवर लिहूनच सही करावी. एकदा "माल मिळाला" अशी सही झाली की नंतरच्या तक्रारीला वजन उरत नाही.

मळेवाला

आमच्या चुलत्यांच्या पिकअपला अपघात झाला आणि गाडी ठाण्याच्या आवारात आहे. त्या आवारात जाऊन आलो तर पोटात गोळा आला. हेडलाइटवर खडूने गुन्हा नंबर लिहिलेल्या दुचाक्या एकमेकींवर रचलेल्या आहेत, सीटमधला फोम उंदरांनी बाहेर काढला आहे, आणि एका जीपच्या बॉनेटमधून चक्क पिंपळ उगवलेला आहे. आमची गाडी पावसाळ्यापूर्वी बाहेर काढता येईल का? तसेच गावातील एकाचा ट्रॅक्टर वाळूसाठी धरला आहे, त्यालाही हाच अर्ज चालेल का?

तालुका_वकील

दोन्ही प्रकरणे सर्वस्वी वेगळी आहेत. अपघातातील गाडीसाठी नोंदणीकृत मालकाने वरीलप्रमाणेच अर्ज करावा आणि नोंदणी प्रमाणपत्र, विमा, चालकाचा परवाना व परिवहन खात्याचा तपासणी अहवाल जोडावा. गाडीवर कर्ज असेल तर वित्त कंपनीचाही दावा येऊ शकतो, त्यामुळे तिचे पत्र आधीच मिळवलेले बरे. सुंदरभाई निकालात वाहनांबाबत स्वतंत्र विवेचन आहे. जप्त वाहने ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात काहीही हशील नाही, आणि मालक किंवा अन्य कोणी दावा करत नसेल तर विमा कंपनीला कळवावे, तीही पुढे आली नाही तर वाहनाची विक्री करावी आणि असा आदेश वाहन न्यायालयापुढे आल्यापासून सहा महिन्यांत व्हावा, असे त्यात म्हटले आहे. अपघाताच्या वेळी विमा नसेल तर मात्र प्रकरण कठीण होते, कारण जखमी किंवा मृताच्या वारसांच्या भरपाईसाठी पुरेसे तारण दिल्याशिवाय असे वाहन सुटत नाही. ही अट मला योग्य वाटते.

वाळूचा ट्रॅक्टर महसूल खात्याने महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली धरला असेल तर दंड भरणे आणि बंधपत्र देणे ही कार्यवाही महसूल अधिकाऱ्यांपुढे होते. त्याच घटनेत पोलिसांनी चोरीचा गुन्हाही नोंदवला असल्यास दोन्ही दारे ठोठवावी लागतात. वन कायदा आणि दारूबंदी कायदा यांतही सरकारजमा करण्याच्या स्वतंत्र तरतुदी आहेत. अमली पदार्थांच्या गुन्ह्यातील वाहन अंतरिम ताब्यात देताच येत नाही असा समज होता, तो सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बिश्वजित डे विरुद्ध आसाम राज्य या निकालात दूर केला. त्या प्रकरणात ट्रकच्या मालकाचा गुन्ह्याशी संबंध दिसत नव्हता.

सराफकट्टा

लगडीच्या मुद्द्यावर दुसरी बाजू मांडणे आवश्यक वाटते. आमच्या व्यवसायात जुने सोने घेऊन येणारा गिऱ्हाईक चोर आहे की अडचणीतला शेतकरी आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही. पोलीस येतात आणि आरोपीने दाखवलेल्या दुकानातून तेवढ्या वजनाचे सोने जप्त करतात. पुष्कळदा ते सोने चोरीचे नसतेच, दुकानातील शिलकीतून ते द्यावे लागते. मग त्यावर फिर्यादीचा हक्क कसा?

तालुका_वकील

आपला प्रश्न रास्त आहे. कायद्यात अंतिम विल्हेवाटीच्या कलमात (नवे ४९८, जुने ४५२) "मालमत्ता" या शब्दात मूळ वस्तूच्या रूपांतरातून किंवा बदल्यात मिळालेली वस्तूही धरली आहे. म्हणून मंगळसूत्राची झालेली लगड ही फिर्यादीच्या दृष्टीने मंगळसूत्रच होय. पण ती त्या मंगळसूत्रापासूनच झाली हे दिसले पाहिजे. चोरीशी संबंध नसलेले शिलकी सोने पोलिसांनी नेले असेल, तर सराफाने गप्प न बसता त्याच न्यायालयात आपली खरेदीची नोंदवही आणि पावतीपुस्तक घेऊन स्वतंत्र अर्ज करावा. प्रामाणिक खरेदीदारासाठी कलम ४९९ आहे. आरोपी दोषी ठरला, त्याच्या अंगावर अटकेच्या वेळी रोकड सापडली आणि माल मूळ मालकाला परत दिला गेला, तर त्या रोकडीतून खरेदीदाराला दिलेली किंमत परत मिळू शकते. प्रत्यक्षात आरोपीच्या खिशात तेवढी रक्कम क्वचितच असते, हेही खरे.

नोंदवही न ठेवता, ओळखपत्र न घेता, बाजारभावापेक्षा फारच कमी दराने सोने घेणाऱ्याने मात्र प्रामाणिक खरेदीदार असल्याचा दावा करू नये. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

कृष्णाकाठ

आमच्या लगडीत तीन घरांचे सोने आहे, आणि वितळवल्यामुळे एकूण वजन तिघांच्या फिर्यादीतील बेरजेपेक्षा कमी भरते. अशा वेळी वाटणी कशी होते?

तालुका_वकील

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तिन्ही फिर्यादींनी एकत्र येऊन, आपापल्या फिर्यादीत लिहिलेल्या वजनाच्या प्रमाणात घट सोसण्यास संमती असल्याचे शपथपत्र देणे. गुन्हे वेगवेगळ्या ठाण्यांत नोंदलेले असतील तर लगड कोणत्या गुन्ह्यात जप्त दाखवली आहे ते आधी पाहावे आणि अर्ज त्या न्यायालयात करावा. संमती झाली नाही तर न्यायालय कोणाचाच अंतरिम ताबा मान्य न करता लगड तशीच ठेवण्याचा संभव असतो, कारण या कलमांखाली ताबा ठरतो, मालकीचा पक्का निवाडा होत नाही. खऱ्या वादासाठी दिवाणी न्यायालय आहे. पाटल्यांबद्दल वाद नसल्याने त्यांचा अर्ज लगडीच्या अर्जात गुंतवू नये, तो आजच स्वतंत्रपणे करावा.

दूरदेशी

मी दुबईत असतो. एका कौटुंबिक तक्रारीत भारतातील पोलिसांनी माझ्या भावाचा पासपोर्ट जमा करून ठेवला आहे. तोही मुद्देमाल समजायचा का?

तालुका_वकील

पासपोर्ट हा पुरावा म्हणून जप्त करता येतो, पण तो अडकवून ठेवण्याचा अधिकार पोलिसांना नाही. सुरेश नंदा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हा फरक स्पष्ट केला. तो अधिकार पासपोर्ट अधिनियमाच्या कलम १०(३) नुसार पासपोर्ट प्राधिकरणाचा आहे आणि तो धारकाची बाजू ऐकून घेतल्यावरच वापरता येतो. भावाने न्यायदंडाधिकाऱ्यांकडे परतीचा अर्ज करावा. जामिनाच्या अटीत न्यायालयानेच पासपोर्ट जमा करायला सांगितला असेल तर मात्र ती अट शिथिल करून घ्यावी लागेल.

माजी_बारनिशी

एक पुरवणी. सायबर फसवणुकीत १९३० या मदत क्रमांकावर वेळेत तक्रार केल्यामुळे बँकेत रोखून धरलेली रक्कम हीसुद्धा जप्त मालमत्ताच असते, कारण बँक खाते ही "मालमत्ता" आहे असे तापस निओगी प्रकरणात १९९९ मध्येच ठरले आहे. ती परत मिळवण्यासाठीही आमच्याकडे आलेल्या लोकांना आम्ही न्यायालयात अर्ज करायला सांगत असू.

कृष्णाकाठ

वकीलसाहेब, शेवटची शंका. ताबा मिळाल्यावर सासूबाई पाटल्या वापरू शकतील का, आणि समजा ठाण्यातूनच त्या गहाळ झाल्या तर?

तालुका_वकील

वापरण्यास हरकत नाही, परंतु आदेशातील अट वाचावी. "विक्री करू नये, स्वरूप बदलू नये, बोलावल्यास हजर करावे" अशी अट बहुतेक आदेशांत असते. सोनाराकडे देऊन वाढवणे, घाट बदलणे, गहाण ठेवणे हे सर्व त्यात येते. घरात लग्नकार्य असून दागिने मोडण्याची गरज असेल, तर छायाचित्रे व पंचनामा पुरेसा असल्याचे दाखवून ती अट शिथिल करण्याचा अर्ज करता येतो.

खटल्याचा निकाल लागल्यावर निकालपत्राच्या शेवटी मुद्देमालाबाबतचा आदेश असतो, तो जरूर पाहावा. तिथे सुपूर्दनामा कायम केल्याचा उल्लेख असला की बंधपत्राचे ओझे उतरते. लगडीसारखी वस्तू तोवर ठाण्यातच राहिली असेल, तर तिच्या परतीच्या अंतिम आदेशाची अंमलबजावणी एरवी दोन महिने, आणि अपील झाल्यास त्याचा निकाल लागेपर्यंत, थांबते.

गहाळ होण्याबाबत बसव्वा पाटील विरुद्ध म्हैसूर राज्य हा १९७७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. त्यात फिर्यादी बाईंचे चोरीस गेलेले दागिने सापडूनही पोलीस ठाण्यातून नाहीसे झाले होते. राज्याने योग्य काळजी घेतल्याचे दिसत नसेल तर वस्तूऐवजी तिची किंमत देण्याचा आदेश करता येतो, असे न्यायालयाने ठरवले. त्यासाठी वस्तू जप्त झाल्याचा आणि तिच्या वजनाचा कागद आपल्या हाती असला पाहिजे, म्हणून पंचनाम्याची प्रत या आठवड्यातच मागून घ्या. ठाण्यात मिळाली नाही तर न्यायालयातून नक्कल काढता येते.